शाल-श्रीफळाआधी पगारपावती

2025 च्या दिवाळीत दोन व्हिडिओ बरेच फिरले. एकात हरियाणातल्या एका कारखान्याच्या फाटकाबाहेर कामगार दिवाळीभेट म्हणून मिळालेले सोनपापडीचे डबे फेकून देताना दिसत होते. दुसऱ्यात आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावरच्या टोलनाक्यावरचे कर्मचारी होते. बोनस म्हणून 1,100 रुपयांवर बोळवण झाल्याचा राग धरून त्यांनी फाटकं उघडी टाकली होती आणि गाड्या टोल न भरता सुसाट जात होत्या. मग जो वाद रंगला तो ठरलेल्या वळणानेच गेला. एक बाजू म्हणाली, अन्नाचा अपमान केला, माजलेत. देणाऱ्याची भावना बघायची असते. दुसरी म्हणाली, सुरतेचा हिरे व्यापारी दिवाळीला मोटारी वाटतो आणि तुम्हाला सोनपापडी सुचते? तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी चर्चा ‘किती द्यावं’ या एका प्रश्नावर येऊन बसली. डबा स्वस्त की महाग, रोख बरी की वस्तू, कृतज्ञता की कृतघ्नता.

या वादात मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. हा डबा ज्याच्या हातात पडला त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र होतं का? पगाराची पावती दर महिन्याला मिळत होती का? जादा कामाचे तास कुठे लिहिले जात होते का? त्या कारखान्यातली उत्तरं मला माहीत नाहीत, आणि ती माहीत नसताना कामगारांना कृतघ्न म्हणणाऱ्यांनाही ती माहीत नव्हती. कर्मचाऱ्याचं कौतुक करावं की नाही, हा वादाचा विषयच नाही, करावंच. पण कौतुकाची जागा हक्काच्या मागे असते. माणूस आपल्याकडे कामाला आहे आणि त्याच्या कामाची नोंद आपल्या दप्तरात आहे, हे मान्य करणं ही कौतुकाची पहिली पायरी. ती गाळून थेट सत्काराच्या व्यासपीठावर चढणारा मालक, मग तो कारखानदार असो नाहीतर सरकार, कौतुकाच्या नावाखाली देणं चुकवत असतो.

पैशापेक्षा कौतुक मोठं, हे समोरच्या बाजूचं म्हणणं मात्र पोकळ नाही, आणि ते उडवून लावणाऱ्यांनी कधी कुणाच्या हाताखाली काम केलं असेल का, अशी मला शंका येते. पगार वेळेवर होतो, सगळं कायद्याने होतं, पण वर्षानुवर्षं साहेबाने कामाबद्दल एक शब्द काढला नाही, अशा ठिकाणी माणूस आतून वाळत जातो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये हेच मांडलं. पगार कमी असला की माणूस नाराज होतो, पण पगार पुरेसा झाला म्हणून तो आपोआप मन लावून काम करू लागतो असं नाही. त्यासाठी कामाला मिळणारी दाद लागते. त्याहून पक्कं उदाहरण झांबियातलं आहे. राजधानी लुसाकामध्ये संशोधकांनी केशकर्तनालय चालवणाऱ्यांना एचआयव्ही प्रतिबंधासाठी महिलांचे कंडोम विकायला दिले. काहींना विक्रीवर पैसे दिले, थोडे किंवा भरपूर. काहींना पैसे नाहीत, फक्त दुकानात लावायला एक तक्ता आणि प्रत्येक विक्रीमागे त्यावर एक तारा. ताऱ्यांच्या गटाने इतरांच्या सुमारे दुप्पट विक्री केली. 2014 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून ‘पैशापेक्षा सन्मान मोठा’ म्हणणाऱ्यांच्या हाती चांगलंच हत्यार आलं आहे.

पण जरा थांबून बघा, हे तारे कुणाला मिळाले? स्वतःचं दुकान असलेल्या, केस कापून पोट भरणाऱ्या माणसांना. कंडोमवर त्यांची चूल पेटत नव्हती. हर्झबर्ग यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या तेही अभियंते आणि हिशेबनीस होते, म्हणजे महिन्याचा पगार ठरलेली माणसं. पोटाची बाजू सुरक्षित असली की मानाचा तारा पैशाला मागे टाकतो, एवढं या दोन्ही ठिकाणी दिसतं. ज्याचा पगारच तीन महिने थकला आहे त्याच्या भिंतीवर तारा चिकटवला तर काय होईल, हे त्यातून कसं ठरवणार? तरी दाखला नेमका तिथेच दिला जातो.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो मुंबईच्या रस्त्यावर लढला गेला आहे. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली आणि गिरण्यांना नफाही दणकून झाला. मालकांनी मजुरीवर युद्धभत्ता द्यायला सुरुवात केली, पुढे नफ्यातून वर्षाकाठी महिन्याभराच्या मजुरीएवढा बोनस मिळू लागला. काही वर्षं तो मिळत राहिला. मग 1923 मध्ये धंदा मंदावल्याचं सांगून मालकांनी तो बंद केला. 1924 च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मालकांचं म्हणणं सरळ होतं: बोनस ही आम्ही खुशीने दिलेली भेट, खुशी संपली, भेट संपली. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने मालकांच्या बाजूने कौल दिला. रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कामगारांचा बोनसवर हक्क सिद्ध होत नाही, असं तिचं मत पडलं. गोळीबार झाला आणि मार्चमध्ये संप मोडला.

त्या समितीचा तर्क त्या वेळच्या कायद्याने कदाचित बरोबर असेल. पण हिंदुस्थानातल्या कामगाराने तो मान्य केला नाही. नफा झाला तेव्हा आमच्या हातांनी झाला, मग वाटा देताना ती मेहेरबानी कशी, हा प्रश्न चाळीस वर्षं धगधगत राहिला आणि 1965 मध्ये बोनसचा कायदा आला. आज जिथे बोनसचा नियम लागू आहे तिथे किमान 8.33 टक्के, म्हणजे वर्षातला साधारण एक महिन्याचा पगार द्यावाच लागतो. आता विचार करा, 1924 च्या संपकऱ्यांना कुणी ‘मालकाची भावना बघा’ असं सांगितलं असेलच ना? आणि त्यांनी ते ऐकलं असतं तर? टोलनाक्यावरचा 1,100 रुपयांचा राग या इतिहासाच्या उजेडात पाहिला की तो माजापेक्षा हिशेबाचा वाटू लागतो.

त्याच्याही आधीचं एक नाव इथे घ्यायला हवं. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 च्या जूनमध्ये मालकांकडून रविवारची सुट्टी मिळवली. इंग्रज सरकारने पुढे त्यांना रावबहादूर केलं. आज किती जणांना ती पदवी आठवते? रविवार मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे.

म्हणजे सन्मान निरर्थक असतो असा अर्थ निघतो का? नाही, आणि त्यासाठी पुरावा इतिहासातच आहे. सभासदाची बखर, जी राजारामांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, अफजलखानाच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी काय केलं ते सांगते. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरी दिली. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमं वेतन लावून दिलं. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. आणि मग नामांकित लोकांना हत्ती, घोडे, कडी, तुरे, पदकं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तुरा आहेच, पण त्याआधी विधवेच्या वेतनाची सोय आहे. शिवाय ‘जखम पाहून’ या दोन शब्दांत कौतुकाचं सगळं शास्त्र आलं. ज्याला द्यायचं त्याला काय लागलं आहे, किती खोल लागलं आहे, हे कुणीतरी जवळ जाऊन पाहिलं होतं. सरसकट पन्नास होन आणि एक नारळ, असा तो मामला नव्हता.

आता या मोजपट्टीने आजचं एक उदाहरण घेऊ. 22 मार्च 2020 च्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. आशा कार्यकर्त्या तेव्हा घरोघर फिरत होत्या. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली. पुन्हा त्याच, एका हातात तापमापक आणि दुसऱ्या हातात ऑक्सिमीटर. 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, लसीकरणाची आठवण करणं, बाळाचं वजन घेणं हे सगळं त्यांच्यावर आहे, पण सरकारी दप्तरात त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला. जून 2021 मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला. 22 मे 2022 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. अभिनंदनांचा पाऊस पडला. पुढच्या वर्षी ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच आशा पुन्हा संपावर. नोव्हेंबरात 7 हजारांच्या वाढीची घोषणा झाली, संप मागे घेतला गेला. शासन निर्णय काही निघेना. जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप, पुन्हा आझाद मैदान. मार्चमध्ये निर्णय निघाला तो 5 हजारांचा.

जगाने गौरवलेल्या बाईला घोषणेचा कागद व्हावा म्हणून थंडीत मैदानावर झोपावं लागतं, यात तिचा लोभ दिसतो की आपला? अंगणवाडी सेविकांची कथा याहून बोलकी आहे. महाराष्ट्रात त्यांना दिवाळीत शासनाकडून मिळणाऱ्या रकमेचं नाव आहे ‘भाऊबीज भेट’. शासन भाऊ झालं, सेविका बहीण झाली, ओवाळणी पडली. भावाकडे बहिणीने ग्रॅच्युइटी मागायची नसते, एवढंच त्यात न बोलता सांगितलेलं असतं. गुजरातमधल्या सेविकांनी मागितली. नातं सरकारने जोडलं होतं, त्या मात्र कोर्टात गेल्या. 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीच्या कायद्याखाली येतात. कामाच्या जागी नात्याची भाषा सुरू झाली की मी तरी खिसा चाचपतो. ‘आपण सगळे एक कुटुंब’ असं सांगणाऱ्या कंपन्या मंदीत याच कुटुंबातल्या माणसांना एका ईमेलवर घरी पाठवतात, हे आयटीत काम करणाऱ्या पुण्या-बंगळूरच्या मुलामुलींना मी नव्याने सांगायला नको.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. सरकारी कर्मचाऱ्याला तर सगळं मिळालं: नेमणुकीचं पत्र, पगारपावती, ग्रॅच्युइटी. तरी टेबलावर फाइल का हलत नाही? हक्कांनी काम सुधारत असतं तर तहसील कचेऱ्या सोन्याच्या झाल्या असत्या. मला हे मान्य आहे. हक्क हा पाया आहे, त्यावर घर उभं राहतंच असं नाही. पण सरकारी कचेरीत कौतुकाचं काय झालं आहे, तेही पाहू. पुरस्कार भरपूर आहेत. मात्र बऱ्याच पुरस्कारांसाठी कर्मचाऱ्याने किंवा शिक्षकाने स्वतःच प्रस्ताव करायचा असतो: स्वतःच्या कामगिरीचे फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं लावून फाइल जाडजूड करायची, वरून शिफारशी मिळवायच्या. ज्याला वर्गात शिकवण्यातून सवड नाही त्याची फाइल पातळ, ज्याला सवड आहे त्याची जाड. मग जाड फाइलला पुरस्कार मिळाला की शिक्षकांच्या खोलीत हसू पिकतं. कामाची दाद द्यायची तर काम पाहण्याचे कष्ट देणाऱ्याने घ्यायचे असतात. इथे ते कष्टसुद्धा घेणाऱ्यावर ढकलले.

दुसरीकडे, ज्या कागदावर वरिष्ठाचं खरं मत उतरतं तो कागद, गोपनीय अहवाल, वर्षानुवर्षं कर्मचाऱ्याला दिसतच नसे. देव दत्त हे सीमा रस्ते विभागातले कार्यकारी अभियंता. त्यांच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. म्हणजे त्या ‘चांगल्या’ शेऱ्यानेच त्यांची बढती अडवली आणि प्रतिकूल शेरा नसल्यामुळे तो त्यांना कळवायची कुणाला गरजही वाटली नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा चांगला असो की वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. एवढी साधी गोष्ट कळायला सर्वोच्च न्यायालय लागलं! सरकारी कचेरीत फाइल हलत नाही याचं खापर नोकरीच्या हमीवर फोडणाऱ्यांनी हेही बघावं की चांगलं काम केलं तर ते कुणाच्या लक्षात येईल, याची तिथे कुणालाच खात्री नसते. आणि त्यात भर म्हणजे निवृत्तीचा दिवस. हार, शाल, श्रीफळ, सपत्नीक सत्कार, ‘सरांची उणीव भासेल’. पुढे पेन्शनच्या कागदांसाठी हेच सर त्याच कचेरीत खेटे घालतात आणि काल हार घालणारा आज ओळख दाखवत नाही.

उलट उदाहरण हवं असेल तर ते एसटीत आहे. वर्षानुवर्षं अपघात न करता गाडी चालवलेल्या चालकाला महामंडळ बिल्ला देतं, त्याचा सत्कार करतं. हा मान मला अस्सल वाटतो. कारण तो कुणाच्या मर्जीवर नाही, नोंदीवर आहे. घाटातून रात्रीची गाडी काढणं काय असतं ते डेपोतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, त्यामुळे बिल्ल्याकडे पाहून कुणी हसत नाही. पण याच महामंडळात पगार थकले, आणि 2021 च्या हिवाळ्यापासून 2022 च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात कर्मचाऱ्यांची मागणी होती शासनात विलीनीकरणाची. ती मागणी योग्य होती की अवाजवी, हा स्वतंत्र विषय आहे. इथे मुद्दा इतकाच की बिल्ला खरा असूनही त्याने महिन्याच्या एक तारखेची जागा भरून काढली नाही. ज्यांना वाटतं की फक्त कौतुकाची पद्धत सुधारली की झालं, त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. आणि ज्यांना वाटतं की पगार दिला की बिल्ल्याची गरज नाही, त्यांनी एखाद्या चालकाच्या छातीवरचा बिल्ला काढून घेऊन बघावा.

राहिला छोटा मालक. किराणा दुकान, सहा माणसांचं वर्कशॉप, चार मुलींचं ब्युटी पार्लर. तो म्हणतो, तुमचं सगळं खरं, पण मला ग्रॅच्युइटी आणि विमा परवडत नाही, मी मायेनेच माणसं सांभाळतो. त्याची अडचण खरी आहे आणि कायद्यानेही ती ओळखली आहे: विमा योजना साधारण दहा माणसांपासून लागू होते, भविष्य निर्वाह निधी वीसपासून. त्याच्या मायेवरही माझा अविश्वास नाही. पोराच्या लग्नाला उसने पैसे असा मालकच देतो, बहुराष्ट्रीय कंपनीचा एचआर देत नाही. पण त्यालाही परवडतील अशा गोष्टी आहेतच. कामावर घेताना अर्ध्या पानाचं पत्र. पगार बँकेत, किंवा रोख दिला तर सही घेऊन पावती. आठवड्याची सुट्टी ठरलेली. आणि पोरगं नोकरी सोडून जाताना, रागाने गेलं तरी, अनुभवाचं प्रमाणपत्र. त्यात ‘चांगला मुलगा आहे’ एवढं लिहून भागत नाही. त्याने लेथवर काय काम केलं, किती वर्षं केलं, कोणतं मशीन एकट्याने सांभाळलं, हे लिहायला हवं. ते लिहायचं तर मालकाला आधी आठवावं लागतं, म्हणजे पाहिलेलं असावं लागतं. हे पत्र घेऊन तो दुसऱ्या वर्कशॉपच्या दारात उभा राहील तेव्हा भाव करताना त्याच्या हातात काहीतरी असेल. दुचाकीच्या कर्जासाठी बँकेत गेला तर तिथला माणूस तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागेल. त्याला ‘बेस्ट एम्प्लॉयी’ची ट्रॉफी दाखवून चालत नाही.